१९५१ चा शेव्हरोले ट्रक आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स: बेल हाऊसिंग कोणते घ्यावे?

सातारकर_ट्रकवाला

नमस्कार मंडळी. माझ्याकडे आजोबांच्या काळचा, १९५१ सालचा पाऊण टनी शेव्हरोले ट्रक आहे. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी केली, त्याच कारखान्यातून तो बाहेर पडला, असे घरात सांगत आले आहेत. इंजिन मूळचेच आहे, २१६ घनइंची, सहा सिलिंडरचे. गिअरबॉक्सही मूळचाच आहे, चार गिअरचा मन्सी एसएम४२०. त्याचा पहिला गिअर ७.०५ चा असल्यामुळे माल नसताना कोणीही गाडी दुसऱ्यावरच उचलतो, म्हणजे खऱ्या वापरात गिअर तीनच उरतात, आणि चौथा सरळ एकास एक.

अडचण हमरस्त्यावर येते. मागच्या धुरीचा रेशो ४.५७ आहे. चाकाचा एक फेरा मी खडूची खूण करून मोजला, तो २.४० मीटर भरला. या हिशेबाने ताशी ८० किलोमीटरला इंजिन मिनिटाला सुमारे २,५४० फेरे घेते. आजच्या इंजिनाला हे काहीच नाही, पण २१६ च्या कनेक्टिंग रॉडना शिशासारख्या मऊ धातूचे ओतीव बेअरिंग आहे आणि तेथे तेल पंपाच्या पूर्ण दाबाने नव्हे, तर उडवून पोहोचते. त्याला तासन्‌तास या वेगाने पळवणे मला पटत नाही.

एका भारतीय हलक्या ट्रकचा पाच गिअरचा गिअरबॉक्स मला जुन्या बाजारात मिळाला आहे. पाचव्या गिअरात टाकून इनपुट शाफ्ट हाताने १९ वेळा फिरवला तेव्हा आउटपुटचे २५ फेरे झाले, म्हणजे रेशो ०.७६. त्यामुळे ताशी ८० ला इंजिन १,९३० फेऱ्यांवर येईल. प्रश्न असा की या दोघांना जोडणारे बेल हाऊसिंग, म्हणजे फ्लायव्हील आणि क्लच ज्याच्या आत असतात ते घंटेच्या आकाराचे ओतकाम, कोणते घ्यावे? इंजिनाला जुळणारे घेऊन गिअरबॉक्सकडची बाजू बदलावी, गिअरबॉक्सचे स्वतःचे बेल हाऊसिंग घेऊन इंजिनाकडची बाजू बदलावी, की मूळचे तसेच ठेवून मध्ये प्लेट घालावी?

घाटमाथा

आपण गिअरबॉक्सच्या मागे लागण्यापेक्षा मागची धुरी बदलून कमी रेशोची का बसवत नाही? बेल हाऊसिंगचा प्रश्नच मिटेल.

सातारकर_ट्रकवाला

विचार केला होता. पण गावी जाताना घाट चढावा लागतो. धुरीचा रेशो कमी केला तर तो सगळ्याच गिअरांत कमी होतो, आणि दुसऱ्या गिअरची आजची ताकद मला सोडायची नाही. पाचवा गिअर हवा आहे तो केवळ सपाटीसाठी.

डेट्रॉइटवासी

मी मूळचा नाशिकचा, गेली वीस वर्षे मिशिगनमध्ये आहे आणि याच पिढीच्या दोन शेव्हरोले पिकअपवर हात काळे केले आहेत. इकडच्या अनुभवातून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट इंजिनाकडच्या बाजूची. २१६, २३५ आणि २६१ या तिन्ही जुन्या सहा सिलिंडर इंजिनांच्या पाठीमागची बोल्टांची मांडणी एकच आहे, त्यामुळे यांची बेल हाऊसिंगे एकमेकांच्या ब्लॉकवर चढतात. १९६३ पासून आलेली २३०, २५० आणि २९२ ही इंजिने मात्र दिसायला भाऊबंद असली तरी त्यांची मांडणी शेव्हरोलेच्या व्ही-८ ची आहे. विक्रेता “शेव्हरोले सिक्सचे बेल हाऊसिंग” एवढेच म्हणत असेल तर लगेच विश्वास ठेवू नका, ते कोणत्या सिक्सचे आहे हे आधी विचारा.

दुसरी गोष्ट माणसे हमखास विसरतात. या इंजिनांत सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, बेल हाऊसिंगवर बसतो. सहा व्होल्टच्या गाड्यांत फ्लायव्हीलच्या (क्रँकच्या टोकावरच्या जड चाकाच्या) कडेवरच्या रिंग गिअरला १३९ दाते आहेत आणि १९५५ पासूनच्या बारा व्होल्टच्या गाड्यांत १६८. त्यामुळे पुढच्या काळातले बेल हाऊसिंग आपल्या ब्लॉकवर बोल्टाला बोल्ट लागून चढेल, पण सेल्फ आणि रिंग गिअर यांची गाठ पडणार नाही. बेल हाऊसिंग, फ्लायव्हील आणि सेल्फ हे तिघे एकाच कुटुंबातले हवेत.

तिसरी गोष्ट गिअरबॉक्सकडच्या भोकाची. गिअरबॉक्स चार बोल्टांनी लटकतो खरा, पण तो मध्यावर राहतो तो इनपुट बेअरिंगच्या टोपीमुळे, म्हणजे रिटेनरमुळे, जो बेल हाऊसिंगच्या गोल भोकात घट्ट बसतो. जनरल मोटर्सच्या जुन्या मालात हे भोक मुख्यतः दोन मापांत सापडते. कारच्या गिअरबॉक्सांसाठी ४ ११/१६ इंच, म्हणजे ११९ मिमी, आणि ट्रकच्या जड गिअरबॉक्सांसाठी ५ १/८ इंच, म्हणजे १३०.२ मिमी. मोठ्या भोकात लहान रिटेनरचा गिअरबॉक्स बोल्टांच्या भरवशावर कसला, तर तो गाडीत बसतो आणि चालतोही, आणि काही महिन्यांत इनपुटचे बेअरिंग खातो.

चौथी गोष्ट, इकडे पुष्कळ लोक एस-१० या छोट्या पिकअपचा टी-५ गिअरबॉक्स मूळ बेल हाऊसिंगवर प्लेट घालून बसवतात, ही रीत आता रुळलेली आहे. अर्ध्या टनी ३१०० मॉडेलवाल्यांना मात्र त्यासाठी मागची धुरीही बदलावी लागते, कारण त्यांचा प्रोपेलर शाफ्ट बंद नळीतून जातो. आपली गाडी पाऊण टनी आहे, तिचा शाफ्ट उघडा असतो, तेवढी आपली एक कटकट वाचली.

सातारकर_ट्रकवाला

आपण हे आठ दिवस आधी लिहिले असते तर माझे पैसे वाचले असते. कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मी फोटो पाहून एक बेल हाऊसिंग आणले आहे. ब्लॉकवर इतके सुरेख चढले की मी आणि मिस्त्री दोघेही खूश झालो. काल सेल्फ लावून पाहिला तर त्याचे लहान दातेरी चाक, पिनियन, रिंग गिअरपर्यंत पोहोचतच नाही. आज वहीत रेघा ओढत दाते मोजले, माझ्या फ्लायव्हीलला १३९ भरले. म्हणजे आणलेले हाऊसिंग मोठ्या फ्लायव्हीलचे आहे. ते परत घ्यायला दुकानदार तयार नाही, आणि चूक माझीच असल्यामुळे मी फार बोलूही शकलो नाही.

पुणेरी_पान्हा

एसएई (अमेरिकेतली वाहन अभियंत्यांची संस्था) हिच्या नंबरचे प्रमाणित बेल हाऊसिंग मिळते ना? डिझेल इंजिनांना सर्रास तीन नंबरचे असते. तेच लावले की कोणताही गिअरबॉक्स बसायला हवा.

निवृत्त_फिटर

मी एसटीच्या कार्यशाळेत उभी हयात घालवली, म्हणून या मुद्द्यावर लिहितो. एसएईचे नंबर हे फ्लायव्हील हाऊसिंगच्या मागच्या तोंडाचे आहेत. नंबर जितका लहान, तितके तोंड मोठे. एक नंबरचे आतले भोक ५११.१८ मिमी, दोनचे ४४७.६८, तीनचे ४०९.५८ आणि चारचे ३६१.९५ मिमी. तीन नंबरला बाहेरचे १२ बोल्ट ४२८.६३ मिमीच्या वर्तुळावर येतात. डिझेल इंजिन बनवणारा एक, गिअरबॉक्स बनवणारा दुसरा आणि जनरेटर बनवणारा तिसरा असतो, त्यांनी एकमेकांना न विचारता जुळावे म्हणून ही सोय झाली. शेव्हरोलेच्या या पेट्रोल इंजिनाला मुळात तसे तोंडच नाही, त्याचे बेल हाऊसिंग थेट ब्लॉकच्या पाठीला लागते. आणि एसएईचा नंबर जुळला तरी तो केवळ तोंडाची जुळणी सांगतो. इनपुट शाफ्ट किती लांब, त्यावर स्प्लाइन, म्हणजे लांबट दाते, किती, टोकाच्या पायलटचा व्यास किती, यांतले काहीही तो नंबर सांगत नाही. उद्या कोणी या ट्रकात डिझेल इंजिन टाकणार असेल, तेव्हा हा तक्ता कामाला येईल.

सातारकर, आपण नवे बेल हाऊसिंग शोधूच नका. आपल्या गाडीखाली जाऊन एकदा नीट बघा, इंजिनाचे मागचे दोन माउंट कशावर आहेत?

सातारकर_ट्रकवाला

काका, आताच बॅटरी घेऊन गाडीखाली झोपून आलो. मागची दोन्ही माउंट बेल हाऊसिंगच्याच कानांवर आहेत. गिअरबॉक्सखाली काहीच आधार नाही, तो बेल हाऊसिंगला नुसता लटकलेला आहे. क्लचच्या फोर्कचा (पेडल दाबल्यावर क्लच सोडवणाऱ्या दुबेळक्याचा) टेकूही आतल्या बाजूने त्याच ओतकामात आहे.

निवृत्त_फिटर

तेच म्हणतो. या गाडीत बेल हाऊसिंग हे नुसते झाकण नाही, ते चेसिसचा भाग असल्यासारखे काम करते. ते बदलले की माउंट बदला, सेल्फ बदला, क्लचच्या कांड्या बदला. त्यात आपली गाडी उजव्या हाताची आहे. अमेरिकेतल्या डाव्या हाताच्या गाडीचे बेल हाऊसिंग मागवले, तर त्याचा फोर्क डाव्या बाजूने बाहेर येतो आणि आपले पेडल उजवीकडे असते. आपल्या गाडीत पेडलची ताकद पलीकडे कशी नेली आहे त्याचे चित्र काढून ठेवा, मगच काहीही सोडवा.

गिअरबॉक्सवाल्याचे बेल हाऊसिंग घेऊन इंजिनाकडची बाजू बदलणे हा मार्ग तर त्याहून अवघड आहे.

डेट्रॉइटवासी

काकांशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालतो. अलीकडच्या पुष्कळ हलक्या गिअरबॉक्सांत बेल हाऊसिंग आणि पुढचे खोके हे एकच ओतकाम असते. इकडचा एनव्ही३५०० तसाच आहे. असा गिअरबॉक्स स्वस्त मिळाला तरी जुन्या इंजिनासाठी तो बाद समजावा, कारण बदलण्यासारखे तेथे काही सुटेच नसते. सातारकरांचा गिअरबॉक्स सुट्या हाऊसिंगचा आहे ना?

सातारकर_ट्रकवाला

होय, सुट्या हाऊसिंगचा आणि लोखंडी खोक्याचा. निदान ते एक बघून घेतले होते.

उद्यमनगरचा_लेथवाला

कोल्हापुरात उद्यमनगरात आमचे लेथचे शॉप आहे. अशा प्लेटा आम्ही ऑइल इंजिनांना आणि पंपांना नेहमी करतो, ट्रकांना अधूनमधून. प्लेट करून देणे अवघड नाही, गिऱ्हाईक माप देताना चुकते ही खरी अडचण असते. म्हणून मापे कशी घ्यायची ते आधी लिहितो.

जुना गिअरबॉक्स उतरवल्यावर त्याच्या पुढच्या सपाट तोंडावर स्टीलची पट्टी आडवी ठेवा आणि तिथून इनपुट शाफ्टच्या टोकापर्यंत मोजा. नव्या गिअरबॉक्सचेही असेच माप घ्या. नवा शाफ्ट जितका जास्त बाहेर येतो, तितक्याच जाडीची प्लेट लागते. नवा शाफ्ट आखूड असेल तर प्लेट घालून तो आणखी मागेच जातो, तेव्हा माप तसे आले तर काम तिथेच थांबवा आणि गिअरबॉक्स परत करा. टोकाचा बारीक भाग, ज्याला आपण पायलट म्हणतो, तो क्रँकच्या बुशात पुरेसा शिरला पाहिजे, पण खांदा बुशाला टेकता कामा नये. पायलटचा व्यास वेगळा असेल तर नवा बुश कांस्याचा करता येतो, तो अर्ध्या तासाचा खेळ आहे.

मग स्प्लाइन. प्रेशर प्लेट आणि क्लच प्लेटचा बाहेरचा व्यास जुन्या फ्लायव्हीलप्रमाणे राहतो, मधला हब मात्र नव्या शाफ्टचा लागतो. त्या मापाची तयार प्लेट मिळाली तर उत्तम, नाहीतर हब बदलून रिव्हेट करून देणारे कारागीर आहेत. प्लेट शाफ्टवर सरकवून बघा. हब स्प्लाइनच्या पूर्ण लांबीवर बसला पाहिजे आणि मागेपुढे हाताने विनासायास सरकला पाहिजे.

आणखी एक माप कोणी आणत नाही, ते म्हणजे रिटेनरच्या नळीचे, जिच्यावर क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंग सरकते. नळीचा व्यास बदलला की जुने बेअरिंग बसत नाही, आणि नळी आखूड निघाली तर क्लच दाबल्यावर बेअरिंग तिच्यावरून उतरू पाहते.

आता प्लेटबद्दल. मी ती साध्या एमएसच्या, म्हणजे मऊ पोलादाच्या, जाड पाट्यातून करतो. एका अंगाला जुन्या बेल हाऊसिंगच्या भोकात बसणारा उंचवटा आणि मधून नव्या रिटेनरचे भोक, ही दोन्ही कामे लेथवर एकाच पकडीत झाली पाहिजेत. पाटा एकदा चकमधून काढून उलटा धरला की मध्य हलला म्हणून समजा. भोके आधी रेडियल ड्रिलवर पाडून मग मध्य शोधणारे लोक आहेत, त्यांच्याकडे जाऊ नका. दोन्ही तोंडे ग्राइंडरवर समांतर करून घ्यावीत. जुन्या बोल्टांची भोके डोके आत बुडेल अशी करावी लागतात, कारण त्यांच्यावर नवा गिअरबॉक्स येतो, आणि दोन्ही मांडण्यांची भोके एकमेकांना छेदत नाहीत ना, हे कागदावर आधी काढून बघावे. छेदत असतील तर गिअरबॉक्स काही अंश तिरका फिरवण्याचा मोह होतो. तसे केल्यास दांडा तिरका येतो आणि आतले तेलही एका बाजूला राहते, म्हणून मी ते करत नाही.

पुणेरी_पान्हा

ॲल्युमिनियमची प्लेट हलकी होईल ना?

उद्यमनगरचा_लेथवाला

होईल. पण येथे गिअरबॉक्सला मागून आधार नाही, सगळे वजन प्लेटमधल्या आट्यांवर लटकणार आहे. लोखंडच बरे. शिवाय नव्या गिअरबॉक्सच्या मागच्या टोकाखाली रबराचा एक आधार घ्यावा. तो वर दाबणारा नको, नुसता टेकता असावा.

सातारकर_ट्रकवाला

मापे घेतली. जुना शाफ्ट तोंडापासून १६५ मिमी, नवा १८९ मिमी. म्हणजे प्लेट २४ मिमीची. जुन्या शाफ्टवर १० स्प्लाइन, नव्यावर २१. रिटेनरची नळी नव्याची थोडी जाड आहे, त्यामुळे रिलीज बेअरिंग नवे आणि त्याचा धारक जुन्या फोर्काला जुळवून घ्यावा लागेल. मांडण्या कागदावर काढल्या, एका ठिकाणी दोन भोके फार जवळ येतात, पण छेदत नाहीत. मूळ बेल हाऊसिंगला एकही नवे भोक पाडायचे नाही, हे मात्र ठरवले आहे. पन्नास वर्षांवरील गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी करायची तर गाडी मूळ स्वरूपात हवी, आणि उद्या तसे वाटले तर जुना गिअरबॉक्स एका दिवसात परत चढवता आला पाहिजे.

निवृत्त_फिटर

निर्णय योग्य आहे. आता प्लेट आल्यावर लगेच गिअरबॉक्स चढवू नका. आधी डायल, म्हणजे बारीक फरक काट्याने दाखवणारे गेज, लावा.

फ्लायव्हीलवर चुंबकाचा स्टँड बसवा आणि डायल गेजची सुई प्लेटच्या आतल्या भोकाच्या कडेला टेकवा. सगळे स्पार्क प्लग काढा म्हणजे इंजिन हाताने हलके फिरेल. एक पूर्ण फेरा सावकाश फिरवा आणि दर पाव फेऱ्याला आकडा लिहा. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान आकडा यांच्यातला फरक म्हणजे रनआउट. मध्य प्रत्यक्षात त्याच्या निम्माच सरकलेला असतो, हे ध्यानात ठेवा. एकूण फरक पाच थाऊ (इंचाचे पाच हजारांश), म्हणजे ०.१३ मिमीच्या आत आला तर गिअरबॉक्स चढवा. त्याहून जास्त असेल तर प्लेट खोलून कारण शोधा. मग सुई भोकावरून काढून सपाट तोंडावर टेकवून तसाच फेरा घ्या. तोंड तिरके असेल तर मध्य बरोबर असूनही शाफ्ट वाकडा शिरतो.

आमच्याकडे एकदा एका गाडीचा गिअरबॉक्स तीन वेळा उतरला. तक्रार अशी होती की उतारावर टॉप गिअर आपोआप निसटतो. सिंक्रो बदलले, दांड्याच्या आतल्या स्प्रिंगा बदलल्या. चौथ्या वेळी एका जुन्या फोरमनने डायल लावला तेव्हा दोष गिअरबॉक्सात नसून हाऊसिंगच्या मध्यात आहे हे कळले. तेव्हापासून मी डायलशिवाय गिअरबॉक्स चढवला नाही.

सातारकर_ट्रकवाला

जवळपास दोन महिन्यांनी लिहितो आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

प्लेट कोल्हापुरातूनच करून आणली. नुसत्या मूळ बेल हाऊसिंगच्या भोकावर डायल लावला तेव्हा फरक ०.०९ मिमी आला, म्हणजे सत्तर वर्षांनंतरही कारखान्याचे काम जागेवर होते. प्लेट चढवल्यावर तोच फरक ०.२२ झाला. माझा जीव खालीवर झाला आणि मी लेथवाल्यांना फोन लावला. ते शांतपणे म्हणाले, “तोंड पुसा आणि बोट फिरवा.” बोट फिरवले तर बेल हाऊसिंगच्या आतल्या कडेला, जिथे प्लेटचा उंचवटा शिरतो, तिथे जुन्या हिरव्या रंगाचा एक सुकलेला थेंब होता आणि त्याच्याजवळ कोणीतरी पूर्वी छिन्नी मारून उठवलेला खरखरीत काठ. तो बारीक कानसीने साफ केला, रंग थिनरने काढला. पुन्हा डायल लावला, ०.१० आला. तोंडावर ०.०६. मग गिअरबॉक्स चढवला, आणि चारही बोल्ट हाताने शेवटपर्यंत गेले, एकदाही ओढून घ्यावे लागले नाही.

प्रोपेलर शाफ्ट कापून आखूड करून बॅलन्स करून घेतला. क्लचची आडवी शाफ्ट आणि कांड्या जशा होत्या तशाच राहिल्या, पेडलचा खेळ तेवढा नव्याने लावला. काल ताशी ८० ला टॅकोमीटरने १,९०० च्या आसपास दाखवले. घाटात दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरमध्ये अंतर थोडे जास्त वाटते, पण गाडी ओढते.

एक गोष्ट राहिली. नव्या गिअरबॉक्सचा दांडा मूळच्यापेक्षा मागे आला आहे आणि चौथ्या गिअरात त्याची मूठ बाकड्याच्या गादीला घासते. दांडा तापवून पुढे वाकवावा की खालून कापून नवा तुकडा जोडावा?

निवृत्त_फिटर

वाकवा, कापू नका. आधी दांडा गिअरबॉक्सवरून काढून घ्या आणि मगच तापवा, नाहीतर खालचा प्लास्टिकचा बुश वितळेल.